स्वस्त ताटाची किंमत कोण मोजते?

(रिसाली, भिलाई येथे मराठी भाषिक रेल्वे व टपाल कामगारांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून या सभागृहात महागाई भत्ता, रिक्त पदे, ठेकेदारी आणि पेन्शन यांवर बोलणे झाले. आमच्याकडे सोपविलेला विषय त्यांच्या मानाने किरकोळ वाटेल. कारखान्याचे कॅन्टीन असो, रनिंग रूम असो, टपाल कार्यालयातील उपाहारगृह असो, की आपल्या युनियनचे अधिवेशन असो. एखादी संस्था जेव्हा शेकडो माणसांसाठी अन्न विकत घेते, तेव्हा तिने ते कोणाकडून, कोणत्या भावाने आणि कोणत्या अटींवर घ्यावे, हा आमचा विषय आहे. जेवणाची सुट्टी जवळ आली आहे, तेव्हा विषय वेळेला धरूनच आहे.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या एका अधिवेशनात जेवणाचे काम आम्ही तीन दरपत्रके मागवून सर्वांत कमी दराच्या ठेकेदाराला दिले. मंडपात किमान वेतनाचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर होत होता. त्याच वेळी मंडपामागे, नळाशी, दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा आपली खरकटी ताटे घासत बसला होता. आमच्यापैकी एकाने त्याला विचारले, "बाळा, शाळेत जात नाहीस?" तो म्हणाला, "जातो ना काका, लग्नसराई संपली की." त्याला रोज किती मिळते हे त्याला सांगता आले नाही, पैसे मामाच्या हातात जात. चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेले व ढाब्यांत कामाला ठेवण्यावर ऑक्टोबर २००६ मध्येच बंदी आली आहे. ठेकेदाराने कायदा मोडला हे खरेच. पण दर मंजूर करणारे आम्ही होतो. मोठ्या माणसाला पुरी रोजी देऊन ताटे धुऊन घेणे त्या दरात बसतच नव्हते, आणि हा साधा हिशेब आमच्यापैकी कोणीही केला नव्हता.

तेव्हापासून एक गोष्ट आमच्या मनात पक्की बसली आहे. ताट स्वस्त झाले म्हणजे किंमत कमी झाली असे नव्हे. ती दुसऱ्या कोणाच्या तरी माथी मारली गेली, एवढाच त्याचा अर्थ. आज आम्हाला सांगायचे आहे ते इतकेच.

रुळावर खूण असते, डाळीवर नसते

आपण भिलाईत बसलो आहोत. सोव्हिएत सहकार्याने उभ्या राहिलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. इथले रूळ देशभर गेले आहेत. ट्रॅकवर काम करणाऱ्या साथींना ठाऊक आहे की रुळाच्या अंगावर कारखान्याची खूण, त्याचा प्रकार, महिना आणि साल उठविलेले असते. उद्या कुठे रूळ तडकला तर तो कोणत्या कारखान्याचा, कोणत्या सालचा, हे शोधता येते. टपालातल्या साथींनाही हे नवे नाही. रजिस्टर पत्र ज्या ज्या हातांतून जाते, त्या त्या ठिकाणी त्याची नोंद होते. पत्र हरवले तर कुठे हरवले ते सापडते.

पोलादाची आणि पत्राची ही शिस्त आपण पाळतो. मग ज्या डाळीवर आपले शरीर चालते तिची चौकशी का करीत नाही? कॅन्टीनमधले बेसन कोणत्या चक्कीतून आले, तेलाचा डबा सीलबंद होता की सुटा, भाजी पिकविणाऱ्याला काय मिळाले, भांडी घासणाऱ्याला काय मिळते, यांपैकी एका प्रश्नाचे तरी उत्तर आपल्या कॅन्टीन समितीच्या दप्तरात सापडते का? बहुतेक ठिकाणी सापडतो तो फक्त एक आकडा: ताटाचा दर.

कमी दर कुठून येतो?

थोडा हिशेब करू. समजा एका कॅन्टीनमध्ये रोज २०० ताटे लागतात. नीट जेवण द्यायचे तर ५० रुपये खर्च येतो, आणि एका ठेकेदाराने ४२ रुपयांचा दर भरला. ताटामागे ८ रुपये, म्हणजे दिवसाला १,६०० रुपये आणि पंचवीस दिवसांच्या महिन्याला ४०,००० रुपये. हे चाळीस हजार कुठून येतात? गॅसचा सिलिंडर त्याला स्वस्त मिळत नाही. विजेचा दर तोच. स्वतःचा नफा तो सोडत नाही. मग उरतात तीनच जागा. एक, ताटातला माल. दोन, ताट वाढणारा आणि धुणारा कामगार. तीन, ज्याने ते पिकविले तो शेतकरी. या तिन्ही जागा एकेक करून पाहू.

पहिली जागा: ताटातला माल

छत्तीसगडात तिवरा आणि आपल्या विदर्भात लाखोळी म्हणतात ते पीक सर्वांना माहीत आहे. धान कापणीला येण्याआधीच बांधीतल्या ओलीवर बी फेकून दिले की ते येते. पाणी नाही, खत नाही, नांगरट नाही. गरीब शेतकऱ्याला ते आधाराचे पीक आहे. पण महिनोन्महिने तेच मुख्य अन्न झाले तर पाय लुळे पडण्याचा रोग होतो. रीवा भागात वेठबिगार शेतमजुरांना मजुरी म्हणून ही डाळ मिश्र धान्यात घालून दिली जाई, आणि हा रोग त्यांच्याच झोपड्यांत दिसे. मालकाच्या घरी तूर आणि मजुराच्या घरी लाखोळी! महाराष्ट्राने या डाळीवरील बंदी २००८ साली उठविली. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने 'महातिवडा' हा विषद्रव्य कमी असलेला वाण काढला आहे. आमचा विरोध पिकाला नाही. लाखोळी म्हणून विका, लाखोळीच्या भावाने विका, ज्याला घ्यायची तो घेईल. पण तुरीच्या आणि हरभऱ्याच्या भावाने, तुरीच्या डाळीत आणि हरभऱ्याच्या बेसनात मिसळून ती आपल्या ताटात येते, तेव्हा शेतकऱ्यालाही काही मिळत नाही आणि खाणाराही फसतो. बेसन दळून झाले की डोळ्यांना ओळखता येत नाही. म्हणून सर्वांत कमी दराचे बेसन घेणारी समिती स्वतःहून फसवणुकीला आमंत्रण देते.

तेलाची गोष्ट याहून गंभीर आहे. १९९८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळल्याने जलोदरासारख्या रोगाची साथ आली आणि साठांहून अधिक माणसे दगावली. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतले दुपारचे जेवण जेवून २३ मुले मरण पावली; कीटकनाशकाच्या डब्यातले तेल भाजीत पडले होते. त्या मुलांना कोणी मुद्दाम मारले नाही. तेल कुठून आले, कशात आले, कोणी पाहून घेतले, याची शिस्त नव्हती, एवढ्यावर तेवीस घरांतले दिवे विझले.

रेल्वेच्या साथींना तर दूर जायचे कारण नाही. जुलै २०१७ मध्ये संसदेपुढे ठेवलेल्या अहवालात महालेखापरीक्षकांनी ७४ स्थानके व ८० गाड्यांची पाहणी करून लिहिले की, माणसाच्या खाण्यास अयोग्य पदार्थ, शिळे अन्न आणि मुदत उलटलेली पाकिटे विकली जात होती. खानपान धोरण वारंवार बदलल्याने व्यवस्था अस्थिर झाली, हेही त्यात नमूद होते. प्रवाशाच्या शिव्या मात्र गाडीत वाढणाऱ्या पोराला खाव्या लागतात. धोरण ठरविणारा त्या डब्यात नसतो.

दुसरी जागा: वाढणारे आणि धुणारे हात

कॅन्टीन ही मालकाची मेहेरबानी नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४६ प्रमाणे २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कॅन्टीन काढण्यास मालकाला भाग पाडता येत असे. त्याच कलमात कॅन्टीनच्या व्यवस्थापक समितीची आणि तीत कामगारांना प्रतिनिधित्व देण्याची तरतूद होती. काही खर्च पदार्थांच्या किमतीत न धरता मालकाने सोसावेत, हे तत्त्वही त्यात आले. नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांच्याविषयी आपली मते आपण अन्यत्र मांडली आहेतच. पण व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेत कॅन्टीनसाठी शंभर कामगारांची मर्यादा आहे, आणि त्या शंभरांत कंत्राटी कामगार मोजावयाचे आहेत. हत्यार हातात आले असेल तर ते वापरायला शिकले पाहिजे.

कॅन्टीनमध्ये राबणाऱ्यांची लढाईही आपल्याच इतिहासाचा भाग आहे. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने एम. एम. आर. खान यांच्या खटल्यात निकाल दिला की, रेल्वेच्या वैधानिक कॅन्टीनमधील आणि मान्यताप्राप्त अवैधानिक कॅन्टीनमधील कामगार हे रेल्वेचेच कर्मचारी होत. १९९१ साली केंद्र सरकारच्या कार्यालयांतील विभागीय व सहकारी कॅन्टीनच्या कामगारांनाही सरकारी नोकर मानण्यात आले. केवढा मोठा विजय होता तो! पण त्यानंतर काय झाले? जागा रिकाम्या झाल्या त्या भरल्या गेल्या नाहीत. कॅन्टीन बंद पडली किंवा ठेक्याने दिली गेली. जो आचारी आपला सभासद होता त्याच्या जागी आज ठेकेदाराचा माणूस आहे, आणि त्याचे नावही आपल्याला माहीत नाही. आपण चहा पितो, 'पानी कम है' म्हणून त्याच्यावर ओरडतो, आणि बाहेर येऊन ठेकेदारीविरुद्ध घोषणा देतो. साथींनो, हे आपल्याला शोभत नाही.

दुसरा रस्ता आहे, आणि तो या गावातच आहे. भिलाईतल्या इंडियन कॉफी हाऊसात आपण सर्वांनी डोसा खाल्लेला आहे. कॉफी बोर्डाने १९५०च्या दशकात आपली कॉफी हाऊसे बंद करायला घेतली, तेव्हा कामावरून निघालेल्या कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या मार्गदर्शनाखाली स्वतःच्या सहकारी संस्था काढल्या. पहिली १९५७ साली बंगळुरूत निघाली. मध्य प्रदेश-छत्तीसगडातली कॉफी हाऊसे जबलपूरच्या कामगार सहकारी संस्थेची आहेत. तिथे फेटा बांधून वाढणारा माणूस हा त्या संस्थेचा मालकही असू शकतो. कॉफी तिथे काही फार महाग नाही. मग कॅन्टीनचा ठेका देताना कामगारांच्या सहकारी संस्थेला प्रथम विचारावे, ही अट आपण का घालू नये?

तिसरी जागा: पिकविणारा

आता बांधावर जाऊ. रिसालीच्या शेजारी मरोदा जलाशय आहे. तांदुला धरणाचे पाणी भिलाईच्या कारखान्यालाही लागते आणि दुर्ग-बालोदच्या शेतालाही लागते. कारखाना आणि शेत एकाच पाण्यावर जगतात. ज्या गावांतून आपल्या ताटात भात येतो, त्याच गावांतली मुले ठेका मजूर म्हणून कारखान्याच्या फाटकावर उभी राहतात. शेतकरी बुडाला की मजुरीचा बाजार पडतो. म्हणून शेतकऱ्याला भाव मिळणे हा आपल्या वेतनाचाही प्रश्न आहे.

या प्रदेशाने मोठ्या खरेदीदाराची ताकद पाहिलेली आहे. २०२३-२४ च्या हंगामापासून छत्तीसगड सरकारने धानाला क्विंटलमागे ३,१०० रुपये दिले. गावोगावी केंद्रांवर खरेदी झाली, आणि शेतकरी धानाकडे वळला. २०२१ साली राज्याने कोदो, कुटकी आणि रागी यांची आधारभावाने खरेदी सुरू केली, तेव्हा विस्मृतीत गेलेली ही धान्ये पुन्हा बाजारात दिसू लागली. यावरून काय कळते? शेतात काय पिकेल हे पावसाइतकेच खरेदीदारही ठरवितो. त्यात धोकाही आहे. सगळे धानच घेतले तर सगळे धानच पिकेल. पाणी जास्त लागेल आणि डाळी मागे पडतील. तेव्हा काय घ्यायचे याचा विचार खरेदीदाराला करावाच लागतो.

ज्याला पक्का खरेदीदार नाही त्याचे हालही आपण पाहिले आहेत. आपल्याच जिल्ह्यातला धमधा भाग टोमॅटोसाठी प्रसिद्ध आहे. टोमॅटो एकदम बाजारात आला की तोडणीची मजुरी निघत नाही. नोटबंदीनंतर, २०१६ च्या अखेरीस, जशपूरकडे शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. जानेवारी २०१७ मध्ये रायपूरला शेतकऱ्यांनी गाड्या भरभरून भाजी फुकट वाटली. त्याच आठवड्यात आपल्या कॅन्टीनमधली भाजी स्वस्त झाली होती का? ठेकेदाराचा दर वर्षाचा ठरलेला होता. शेतकऱ्याचा तोटा मधल्या माणसाच्या खिशात गेला.

तांदळाच्या वाणांचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी छत्तीसगडातून भाताचे हजारो वाण गोळा केले. तो ठेवा रायपूरच्या कृषी विद्यापीठात आहे. २००२ साली सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीशी त्याबाबत करार होऊ घातला होता. शेतकरी, कार्यकर्ते आणि शास्त्रज्ञांनी गदारोळ केला आणि वर्षअखेर तो बारगळला. वाण वाचले. पण शीतगृहात वाचलेला वाण पुरेसा नसतो, तो शेतात आणि ताटात वाचावा लागतो. धमतरी जिल्ह्यातल्या नगरीच्या दुबराज तांदळाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. रोजच्या ताटाला तो परवडणार नाही हे आम्हाला कळते. पण १ मेच्या जेवणाला, निवृत्तीच्या निरोपाला दुबराजचा भात शेतकरी गटाकडून थेट घेता येईल. २०२२ च्या कामगारदिनी इथल्या मंत्र्यांनी बोरे-बासी खाऊन मजुरांच्या जेवणाचा गौरव केला. चांगली गोष्ट आहे. पण बासीचा खरा गौरव ती पिकविणाऱ्याला वर्षभर भाव देण्यात आहे.

बाहेरच्या जगात हे कायद्याने झाले आहे. ब्राझीलने २००९ साली कायदा केला की, शालेय जेवणासाठी केंद्राकडून मिळणाऱ्या पैशांतले किमान ३० टक्के छोट्या शेतकरी कुटुंबांच्या मालावर खर्च झाले पाहिजेत. आणि कायदा नसतानाही कामगारांनी काय केले ते पाहा. १९६५ साली कॅलिफोर्नियात द्राक्षमळ्यांतल्या मजुरांनी संप केला. सीझर चावेझ यांच्या नेतृत्वाखाली पाच वर्षे लढा चालला. शहराशहरांतल्या लोकांनी ती द्राक्षे विकत घेणे सोडले, तेव्हा १९७० साली मळेवाल्यांनी करारावर सह्या केल्या. खरेदी न करणे हाही एक संपच आहे.

आपली मराठी परंपरा

हे सर्व परक्यांचे आहे असे समजू नका. गिरणगावातल्या खानावळी आठवा. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार ज्या बायकांच्या हातचे जेवत, त्या बायका स्वतः सावकाराच्या कर्जात असत. कामगाराचा पगार झाला की त्यांचे पैसे येत. संप झाला की उधारी वाढे, पण त्यांनी कामगारांना उपाशी ठेवले नाही. कामगार चळवळीतल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली या बायकांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज मिळवून दिले. सावकार सुटला. जेवण करणारी बाई ही कामगार आहे, हे प्रेमाताईंनी संघटनेला दाखविले. आपल्या कॅन्टीनमधल्या पोळ्या लाटणाऱ्या बाईविषयी आपण असा विचार कधी केला आहे काय?

दुसरे उदाहरण मुंबई ग्राहक पंचायतीचे. १९७५ पासून या संस्थेने शेजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचा किराणा एकत्र खरेदी करण्याची पद्धत चालविली. संघाने यादी द्यायची, संस्थेने मालाची पारख करून एकगठ्ठा घ्यायचा, आणि आलेला माल सभासदांनी स्वतः वाटून घ्यायचा. दुकान नाही, जाहिरात नाही, उधारी नाही. मध्यमवर्गीय गृहिणींनी जे करून दाखविले ते शिस्तबद्ध संघटना असलेल्या रेल्वे आणि टपाल कामगारांना जमणार नाही, असे आम्हाला वाटत नाही.

तीन हरकती

पहिली हरकत: ताट महाग होईल. काही अंशी होईल, हे आम्ही लपवीत नाही. पण बचतीच्या जागाही आहेत. हंगामातली भाजी घेतली तर ती स्वस्तच पडते; उन्हाळ्यात फ्लॉवर आणि पावसाळ्यात मटार मागणे आपणच सोडले पाहिजे. दुसरे, रोज टाकून दिले जाणारे अन्न. आठवडाभर खरकट्याची बादली वजन करून पाहा, म्हणजे किती पैसे उकिरड्यावर जातात ते कळेल. आणि तिसरे, वाढीव खर्च कामगाराच्याच खिशातून यावा असे कोठे आहे? कॅन्टीन हा कल्याणाचा खर्च आहे. अनुदान वाढवून मागणे ही आपली मागणी असली पाहिजे.

दुसरी हरकत: नियमाने सर्वांत कमी दरच घ्यावा लागतो. ही हरकत अधिकारी सांगतात आणि आपण मान्य करतो. सर्वांत कमी दर घ्यायचा तो अटी पूर्ण करणाऱ्यांमधला, आणि अटी लिहिणे समितीच्या हातात असते. शिवाय २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनी अर्थमंत्रालयाने ठराविक कामांसाठी आणि सेवांसाठी दराबरोबर गुणवत्तेलाही ३० टक्क्यांपर्यंत गुण देण्याची मुभा दिली आहे. म्हणून निविदेचा मसुदा निघण्यापूर्वी त्यावर आपले म्हणणे लेखी गेले पाहिजे. निविदा उघडल्यावर ओरडून उपयोग नाही.

तिसरी हरकत: एवढे कोण करणार? हीच खरी हरकत आहे. कॅन्टीन समितीवर नाव लागावे म्हणून भांडणारे आहेत. सकाळी सात वाजता माल उतरताना उभे राहणारे थोडे आहेत. याला उत्तर पाळीचे आहे. आपण रात्रपाळी करतो, तर महिन्यातून एक सकाळ मालाची पाळीही करू शकतो.

काय करायचे?

आमच्या सूचना सात आहेत. आपण त्यांवर चर्चा करावी, दुरुस्त कराव्यात आणि आपापल्या शाखेत न्याव्यात.

१) दरपत्रकात एकच आकडा स्वीकारू नये. माल, मजुरी, इंधन आणि नफा वेगवेगळे दाखवावेत. किमान वेतनापेक्षा कमी मजुरी धरलेले दरपत्रक तिथेच बाद करावे.

२) कॅन्टीनमधील प्रत्येक कामगाराचे नाव, वय आणि हजेरी समितीला पाहता यावी. वेतन बँकेत जमा व्हावे आणि भविष्य निर्वाह निधी कापला जावा. अठरा वर्षांखालील कोणीही कामाला नसावे.

३) डाळ अख्खी पाहून घ्यावी, बेसनाऐवजी हरभरा डाळ घेऊन ती ओळखीच्या चक्कीत दळावी. तेल सीलबंद डब्यातच घ्यावे आणि डबा समितीसमोर फोडावा.

४) तळणाचे तेल कधी बदलले याची वही ठेवावी. १ जुलै २०१८ पासूनच्या नियमाप्रमाणे तेलातले ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले की ते खाण्यास वापरता येत नाही. असे तेल ढाब्यावर न विकता अधिकृत संकलकाला द्यावे.

५) भाजी, तांदूळ, कोदो-कुटकी यांचा काही हिस्सा शेतकरी गट व महिला बचत गटांकडून थेट घ्यावा. हंगामापूर्वी किमान भाव ठरवावा आणि पैसे पंधरा दिवसांत द्यावेत. लघुउद्योगांना कायद्याने ४५ दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे. शेतकऱ्याला तेवढेही थांबता येत नाही.

६) टाकून दिलेल्या अन्नाचे वजन रोज फलकावर लिहावे. कोणाला लाजविण्यासाठी नव्हे, दुसऱ्या दिवशी किती शिजवायचे हे कळावे म्हणून.

७) मालाच्या पावत्या कॅन्टीनच्या फलकावर लावाव्यात. ज्याला पाहायच्या आहेत त्याला पाहता आल्या पाहिजेत.

हे सातही नियम प्रथम आपल्या स्वतःच्या अधिवेशनांना, शिबिरांना आणि मेळाव्यांना लागू करावेत, अशी आमची विनंती आहे. व्यवस्थापनाकडे मागण्याआधी आपण ते पाळून दाखवू. तोपर्यंत आपल्या मागणीत जोर येणार नाही.

साथींनो, ते ताटे घासणारे पोर आज कुठे आहे ते आम्हाला माहीत नाही. आम्ही त्याचे नावही विचारले नव्हते. त्यानंतरच्या अधिवेशनात आम्ही जेवणाचा दर वाढवून दिला, एक गोड पदार्थ कमी केला, आणि भांडी घासायला चार मोठी माणसे पुऱ्या रोजीवर ठेवण्याची अट लिहून घेतली. कोणी तक्रार केली नाही. काहींच्या तर गोड कमी झाल्याचे लक्षातही आले नाही.

आज इथे बाहेर जेवण तयार आहे. डाळ कुठून आली, स्वयंपाक कोणी केला आणि त्यांना काय रोजी ठरली आहे, याचा कागद दाराशी लावला आहे. तो वाचून मग पंगतीला बसा. आणि जेवण झाल्यावर स्वयंपाक करणाऱ्या बायांना त्यांचे नाव विचारायला विसरू नका.

कामगार-शेतकरी एकजुटीचा विजय असो!